कमरेच्या वर वयनी, खाली मी

माझ्या दुकानात एक कोट आहे. काळा कोट, आत पांढरा शर्ट, निळा टाय. तो कापडाचा नाही, संगणकात आहे. पासपोर्ट फोटोला बसलेला माणूस जरा लाजत विचारतो, "बाय, कोट घालशी?" मी हो म्हणते, फोटोतलं त्याचं डोकं मानेपासून कापते आणि कोटावर बसवते. पेडण्यात या एका कोटातून अनेकजण नोकरीला लागले, काहींची लग्नंही जमली. एकदा एका घरी हळदीकुंकवाला गेले तर भिंतीवर बाप, मुलगा आणि जावई तिघेही त्याच कोटात. टायची गाठसुद्धा तिघांची डावीकडे कलंडलेली. मी पन्हं प्यायले आणि दुसऱ्या भिंतीकडे बघत बसले.

झेरॉक्स, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो एवढंच माझं दुकान. फोटो कापायला म्हापशात एका वर्गाला जाऊन शिकले, बाकीचं गिऱ्हाइकांनी शिकवलं. माणसाचा आकार कडेकडेने निवडायचा, मागचं सगळं उडवायचं, उरलेला माणूस उचलून हवा तिथे ठेवायचा. एकाचे दोन करायचे तरी तेवढंच काम. ऐकायला सोपं आहे. त्रास देतात त्या गोष्टी मी कागदावर लिहून काउंटरच्या आतल्या बाजूला चिकटवल्या आहेत, कारण मला यादीशिवाय काही सुचत नाही. केस. बायकांच्या केसांतल्या अबोलीच्या फाती, म्हणजे गुंफलेल्या वेण्या. त्या फुलांच्या कडा म्हणजे डोळ्यांची परीक्षा. सावली, ती दिली नाही तर माणूस जमीन धरत नाही, हवेत तरंगतो. आणि हात. घरच्या प्रत्येक फोटोत कुणाचा तरी हात कुणाच्या तरी खांद्यावर असतो. लोकांना एकटे आजोबा हवे असतात, आणि आजोबा कापले की त्यांच्या खांद्यावर चार बोटं उरतात. ती पुसायची, खाली कापड भरायचं. गिऱ्हाईक म्हणतं, छान झाला. ती बोटं आजीची होती हे मीही बोलत नाही, तेही बोलत नाही.

यंदा चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या, आधी हे सगळं कसब घरच्याच कामाला लागलं.

आमच्या वाड्यावरच्या बायकांचा फुगडीचा संघ आहे. चवथीच्या पाचव्या दिवशी दुपारी देवळासमोरच्या अंगणात आम्ही फुगडी घालतो. आजूबाजूच्या गावांतले संघही येतात. त्याआधी तिठ्यावर आमचा बॅनर लागतो: सगळ्याजणी हिरव्या नऊवारीत, लाल काठ, नथी, जोडी जोडीने हात धरलेल्या. हा बॅनर मी करते. संघाच्या इतर गोष्टीही बऱ्याचशा मीच करते: साड्या कोणाकडे, तालमीला चहा कोणाकडे, कोणाच्या घरी पाहुणे आहेत म्हणून कोण उशिरा येणार. पण संघ माझा नव्हे. संघ माझ्या थोरल्या जावेचा. तिला मी वयनी म्हणते.

वयनी ओवी उचलते, बाकीच्या तिच्यामागून म्हणतात. ती फेराचा वेग ठरवते. शेवटी फेर मोडून जोड्या पडतात, तेव्हा तिची जोडी शेजारणीशी. या दोघी एकमेकींचे हात धरून गरगरतात तेव्हा बाकीच्या जोड्या आपोआप थांबून बघायला लागतात. शेजारीण वयनीची जोडीदारीण म्हणूनच ओळखली जाते, आम्हीही तिला जोडीदारीण अशीच हाक मारतो.

माझं माहेर आमोण्याचं, डिचोली तालुक्यातलं. लग्न होऊन इथे आले तेव्हा मला फुगडी येते असा माझा समज होता. वयनीने पहिल्याच तालमीत सगळ्यांसमोर सांगितलं, "आमोण्याच्यो बायलो फुगडी घालतत का शेतात चिखल तुडयतत?" आमच्याकडे फेराला उजवा पाय आधी पडायचा, इथे डावा. महिनाभर ती मला मागच्या पोरसात, केळींच्या मध्ये उभी करून शिकवत होती. हातात माडाचा हीर, झावळीची काडी. माझा उजवा पाय आधी उठला की घोट्यावर हीर बसायचा. लागायचा नाही, पण आवाज व्हायचा. "डावो, गो डावो!"

हीच वयनी यंदा आषाढात त्याच पोरसात भाजीला तेऱ्याची पानं काढायला गेली आणि शेवाळावरून घसरली. पाय घोट्याच्या वर मोडला. प्लास्टर. डॉक्टरांनी सांगितलं, चवथीला मखर बघा, मोदक खा, उडी मारायची नाही.

तालीम सुरू झाली तेव्हा वयनीविना आम्ही अकराजणी. फेराला अकरा चालतात. फोटोचा विषय निघाला तेव्हा एकीने म्हटलं, "यंदा वयनीक रवांदे. फेर पुरता आसा." वाईट मनाने म्हटलं नव्हतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. तालीम चालते देवळाच्या अंगणात, आणि आमच्या घरांचे बल्कांव, म्हणजे दारापुढच्या बसायच्या जागा, त्या अंगणाच्या समोरच. वयनी तिच्या बल्कांवात लाकडी कदेलावर, म्हणजे खुर्चीवर, बसून होती, प्लास्टरचा पाय स्टुलावर. तिने ऐकलं असणार हे मला नंतर कळलं, मी संध्याकाळी तिला पेज द्यायला गेले तेव्हा.

तिने पेजेकडे बघितलंच नाही.

"माका काडून टाकल्यात?"

"काडूक नाय, वयनी. या वर्सापुरता."

"या वर्सापुरता," ती म्हणाली. मग तिने मला तिच्या आधी ओवी उचलणाऱ्या म्हातारीची गोष्ट सांगितली. म्हातारी खालच्या घरातली. एका चवथीला तिला ताप होता, म्हणून ती आली नाही. त्या वर्षी ओवी वयनीने उचलली. पुढच्या वर्षी म्हातारी ठणठणीत होती, साडी नेसून अंगणात आली सुद्धा. पण फेर धरला गेला, सगळ्यांनी आपल्या आपल्या बाजूच्या बाईचा हात पकडला आणि म्हातारीला कुठे शिरावं ते समजेना. कोणी तिला नको म्हटलं नाही. ती कडेला उभी राहून टाळ्या वाजवत राहिली आणि मरेपर्यंत दर चवथीला टाळ्याच वाजवल्या.

"फेर एकदा बंद झालो की मधी शिरूक येणा नाय गो," वयनी म्हणाली. "बॅनर तिठ्यार लागतलो, सगळो गाव बघतलो. त्या बॅनरार मी नाय म्हणजे लोक म्हणतले, वयनीचा झाला. मगे फुडल्या वर्सा पाय बरो होऊन काय करू?"

मी पेजेची वाटी तिच्या हातात दिली आणि म्हटलं, "बॅनरार तू आसतलंस. खा आता."

घरी जाऊन यादी केली.

वयनी उभी राहू शकत नव्हती. गेल्या वर्षीच्या फोटोंत ती होती, पण सगळीकडे गिरकी घेताना, तोंडाच्या जागी एक पुसट पट्टा. चेहरा म्हणून जो दिसतो तो एका लग्नातला, निळ्या साडीत, हातात वरणाची वाटी. तेव्हा नवा फोटो काढणं भाग होतं: वयनीचा वेगळा, घरी, बसल्या बसल्या, बाकीच्यांचा अंगणात. मग संगणकावर एकत्र.

अंगणातला फोटो आधी काढला. कॅमेरा तिकाटण्यावर ठेवला, टायमर लावला, कारण मलाही फोटोत उभं राहायचं होतं. जोड्या लावल्या. जोडीदारीण एकटी डाव्या टोकाला. तिला सांगितलं, समोर वयनी आहे असं समज, हात पुढे धर आणि मागे झुक, जोडीत झुकतो तशी.

"मागे झुकलंय तर पडतलंय. समोर कोण धरूक आसा?"

"थोडीशी झुक."

"हवेक धरून?"

"होय, हवेक धरून."

तिने हवेला धरलं. नेमका तेव्हा देवळाचा भटजी नैवेद्य घेऊन चालला होता. त्याने जोडीदारणीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पावलं उचलून गाभाऱ्यात गेला. सगळ्याजणी अशा हसल्या की तो फोटो फुकट गेला. दुसऱ्या खेपेला चांगला आला.

मग वयनीचं घर. बाहेरच्या खोलीत जनेलाखाली, खिडकीच्या उजेडात, तिचं कदेल ठेवलं, मागे पांढरी चादर बांधली. ती हिरवी नऊवारी नेसून, पदर खोचून, नथ घालून, अबोलीची फाती माळून बसली होती. तिला नेसवायला मीच गेले होते. प्लास्टरवरून नऊवारी नेसवणं हे काम मी पुन्हा करणार नाही. चेहरा असा उजळला होता की पाय मोडलेली बाई ती हीच का, असं वाटावं. आता हात. फुगडीचे हात रिकामे धरले तर ढिले दिसतात, ओढ दिसत नाही. जोडीदारीण बाजारात गेलेली. खोलीत होते फक्त भावजी, वयनीचे यजमान, पेपर वाचत.

"भावजी, वयनीचे हात धरा."

"कोण, मी?"

"समोर उभे रावा, हात धरा आणि ओढा. जोरात नको."

ते उठले, पेपर नीट घडी करून ठेवला, समोर उभे राहिले आणि हात धरले. दोघंही एकमेकांकडे न बघता भलतीकडेच बघत होती.

"अवो, इतके हळू काय धरतास? मी काय काचेची आसंय?"

भावजींनी ओढलं. वयनी पुढे आली, "आये!" म्हणाली आणि हसली. मी फोटो काढला. तोच ठेवला.

"मी येतलंय मा फोटोत?" भावजींनी विचारलं.

"तुमी नाय. तुमका मी कापतलंय."

"बरा," ते म्हणाले आणि पेपर उघडला.

एक अडचण त्याच वेळी माझ्या लक्षात आली होती. अंगणात जोडीदारीण डावीकडे, तोंड उजवीकडे. म्हणजे वयनी उजवीकडे हवी, तोंड डावीकडे. पण खोलीत वयनी उजवीकडे तोंड करून बसली होती, कारण स्टुलावरचा पाय त्याच बाजूला मावत होता आणि उजेडही तिकडूनच येत होता. त्यात काही कठीण नाही. एक बटण दाबलं की चित्र आरशातल्यासारखं उलटं होतं. ते मी दिवसातून दहादा करते.

दुसरी अडचण पायांची. कमरेखाली वयनी म्हणजे कदेल, स्टूल आणि प्लास्टर. तिला पाय कोणाचे द्यायचे? अंगणातल्या फोटोत मी बरोबर त्याच बाजूला, त्याच कोनात उभी होते. साडी तीच. तेव्हा मी माझंच कमरेखालचं अर्धं अंग निवडलं, त्याची एक प्रत काढली, नेऊन वयनीच्या खाली जोडलं. वयनीचं वरचं अंग जरा मागे कलतं केलं आणि सांधा कमरेच्या निऱ्यांत लपवला. भावजींचे हात पुसले, त्या जागी जोडीदारणीचे आणले. पायाखाली सावली दिली. केसांतल्या अबोलीवर एक अख्खी दुपार गेली. मधे चार आधार कार्डांच्या झेरॉक्स केल्या आणि एकाला कोट घातला.

पूर्ण झाल्यावर खुर्ची मागे सरकवून बघितलं. वयनी मागे झुकून जोडीदारणीशी फुगडी घालत होती. कोणी म्हणणार नाही की ती तिथे नव्हती. मला फार बरं वाटलं.

फोटो संघाच्या व्हॉट्सॲपवर टाकला. लिहिलं: नीट बघा, चूक असेल तर आज सांगा, उद्या डिचोलीला छापायला जाईल. अंगठे आले, हात जोडलेले आले, एकीने नाचणारी बाई पाठवली. चूक कोणालाच दिसली नाही. मला वाटतं हा फोनचा दोष. सेल्फीच्या कॅमेऱ्यात आपण सगळ्याजणी आरशातल्यासारख्या उलट्या दिसतो, डोळ्यांना सवय झाली आहे. तळहाताएवढ्या चित्रात बाई साजरी दिसली की पुरे.

बॅनर डिचोलीच्या बसमधून आला, कंडक्टरने गुंडाळी दुकानात टाकली. चवथीच्या दोन दिवस आधी सकाळी तिठ्यावर बांधायला घेतला. मी, जोडीदारीण आणि आणखी दोघी. दोरी ताणली, बॅनर उलगडला, दहा फूट लांब. आम्ही खाली उभ्या राहून बघत होतो. तेवढ्यात मासळीवाली पाटी डोक्यावर घेऊन आली, थांबली, मान वर केली.

"गो, ही उलट्या पदराची कोण? भायली बाय काय?"

आम्ही चौघींनी एकाच वेळी पाहिलं. अकरा बायकांचे पदर डाव्या खांद्यावर. बाराव्या बाईचा उजव्या. नथही उजव्या नाकपुडीत.

"आमची वयनी ती," जोडीदारीण म्हणाली, पण आवाज बारीक झाला होता.

"वयनी? वयनी कधीपासून असो पदर घेऊक लागली? नवऱ्यान नेसयली काय?"

चित्र उलटं करताना मी हात बघितले, चेहरा बघितला, कडा, सावली, फुलं. पदर यादीत नव्हता. इतकी वर्षं पासपोर्ट फोटो करते, त्यात खांद्याखाली काही नसतंच.

 डिचोलीचा छापखाना चवथीसाठी आधीच बंद झालेला, नवा बॅनर होणार नव्हता. वरून तुकडा चिकटवला असता तर ठिगळ दिसलं असतं. उतरवला तर वयनी बॅनरवर नाही. ठेवला तर वयनी गावभर हसं. माझ्या डोक्यात ही यादी चालू होती आणि तिच्या शेवटी काहीच नव्हतं, तोच भावजींची गाडी तिठ्यावर येऊन थांबली. वयनीला डॉक्टरकडे दाखवायला नेत होते. तिने काच खाली केली.

 वयनीने बॅनर या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितला, वाचल्यासारखा. मग डाव्या टोकाच्या जोडीवर परत आली आणि थांबली.

मासळीवालीच बोलली. "वयनी, पदर उलटो घेतलंस?"

"पदर उलटो आसा," वयनी गाडीतून म्हणाली, "पण पाय सुलटे आसत. बघ नीट. भूत न्हय मगो, जिती आसंय. बांगडे कसे दिलंस?"

मासळीवाली पाटीसकट हलली इतकी हसली. बांगडे घेतले गेले. गाडी निघाली. मला हसू आलं नाही, कारण काच वर करताना वयनीने माझ्याकडे बघितलं होतं आणि त्या बघण्याचा अर्थ मला लागला नव्हता.

दुपारी तिच्या बल्कांवात गेले. सरळ बोलले. "वयनी, चूक माजी. बॅनर काडतलंय."

"काडू नको."

"लोक हसतत."

"हसांदेत. सकाळपासून घराक किती लोक इले म्हायत आसा? पदर असो कसो, पाय कसो, दुखता काय, चवथीक काय करतलंस. बॅनर बरोबर आसतो तर कोण इचारूक येतो?" मग तिने आवाज खाली आणला. "पण तू माका एक सांग. ते पाय कोणाचे?"

मी बल्कांवाच्या कडेला टेकले.

"माजे न्हय ते. माजो अंगठो वाकडो आसा, तो सरळ आसा."

"माजे," मी म्हटलं. "कमरेच्या वर तू, खाली मी."

 बाजूच्या पेपरामागून भावजी म्हणाले, "आणि तो अंगठो माजो."

आम्ही दोघींनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी पेपर न सोडता सांगितलं, "मनगटार. डाव्या हाताच्या. तिचा मनगट धरलेलो अंगठो. तू बाकीचो मी कापलंस, तो रवलो. तिठ्यार मी नीट बघितलंय."

मी फोनवर चित्र मोठं केलं. खरंच होता. बांगड्यांच्या बाजूला, जाड, पुरुषी, नखाला पानाचा डाग. वयनीने फोन हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला.

"अवो, बायलांच्या बॅनरार कित्याक चडल्यात तुमी?"

"तूच ओढून घेतलंस," भावजी म्हणाले.

वयनी हसायला लागली ती थांबेना. तिच्याबरोबर स्टुलावरचं प्लास्टरही हललं. मीही हसले, सकाळपासून पहिल्यांदा. मग तिने डोळे पुसले आणि मुद्द्यावर आली, कारण तीही माझ्यासारखीच आहे.

"बॅनरार बसयलंस. बरा केलंस. पण पाचव्या दिसाक काय? थंय तुजा बटण नाय."

 याचं उत्तर तिच्याकडेच होतं.

"पाय तुजे म्हणतंस. तुजे कशे? पोरसात हीर घेऊन कोणी शिकयले? ते माजेच. मगे तू माजे पाय घेऊन जोडीदारणीवांगडा उबी रव. ओवी मी बसून उचलतंय. गळ्याक प्लास्टर नाय."

"बसून खंय?"

"ता तू ठरय. यादी तू करतंस मा?"

मी तिथेच, वाणसामानाच्या पावतीच्या मागे लिहिलं. पहिलं: कदेल, फेर धरायच्या आधी.

पाचव्या दिवशी पावसाने दुपारी उघडीप दिली. अंगण पुसून कोरडं केलं. भावजींनी कदेल डोक्यावर घेऊन आणलं, मागून दोघींनी वयनीला धरून आणली, पदर डाव्या खांद्यावर. तो मी दोनदा तपासला. देवळाच्या समितीतले एक वयस्कर गृहस्थ पुढे झाले. चांगल्या मनाने म्हणाले, "वयनीक हय पुरुषांच्या खुर्च्यांत बसया. सावळी आसा. आरामात बघतली."

"ती बघूक येवक नाय, काका," जोडीदारीण म्हणाली. "खुर्ची मधी."

"मधी? फेराच्या मधी खुर्ची कोणी बघितली हा?"

"आता बघा."

काका बाजूला झाले. कदेल अंगणाच्या मधोमध ठेवलं, स्टूल पुढे, वयनी बसली, पाय वर. ती बसून स्थिर झाल्याशिवाय मी कोणाला हात धरू दिले नाहीत. मग म्हटलं, "धरा." अकराजणींनी हात धरले आणि फेर बंद झाला. ती आत होती.

तिने ओवी उचलली. आवाज आधी थोडा अडकला, दुसऱ्या ओळीला सुटला. ती बसलेली असल्यामुळे तिच्या छातीत दम होता. दरवर्षी शेवटी शेवटी धाप लागून तिचे शब्द तुटायचे, यंदा एकही तुटला नाही. तिच्याभोवती फिरताना प्रत्येकीचं तोंड पाळीपाळीने तिच्या समोर येत होतं, आणि ती प्रत्येकीला काही ना काही सुनावत होती, ओवीच्या दोन ओळींमध्ये जेवढी जागा मिळेल तेवढ्यात. हात वर. पाठ सरळ. हस मगो, सुतक नाय.

फेर मोडला, जोड्या पडल्या. अकरांतली एक उरली, ती वयनीसमोर जाऊन तिचे हात धरून उभी राहिली, ठेका देत. जोडीदारणीने माझ्यासमोर हात केले. तिची पकड वयनीच्या सवयीची, घट्ट, मनगटापर्यंत. मी धरली. आम्ही मागे झुकलो आणि फिरायला लागलो. तुळशीवृंदावन, भावजी, काका, देवळाची पायरी, सगळं एका पट्ट्यात मिसळून गेलं. त्या पट्ट्यात एकच गोष्ट जागच्या जागी होती, मधोमध बसलेल्या वयनीची हिरवी साडी आणि तिचा आवाज.

"डावो, गो!" मधूनच आवाज आला. "डावो!"

माझा उजवा पडला होता की नाही, मला माहीत नाही. मी पाय बदलला.